वाटी कुठवर जाते

आमच्या चांदूर रेल्वेत शेजारची वाटी रिकामी परत करत नाहीत. विरजण घेऊन आलेली वाटी घासूनपुसून, आत काहीतरी घालूनच माघारी जाते. ताजी भाजी असेल तर ती, नसेल तर साखर, तीही नसेल तर परसातल्या गोडलिंबाची चार पाने. लहानपणी वाट्या पोहोचवायचे काम माझ्याकडे होते. शेजारच्या मामींच्या हातात त्यांची वाटी दिली आणि परत फिरले की मागून हमखास हाक यायची, "थांब वं पोरी, खाली हातानं जाऊ नको." मग दुसरी एखादी वाटी माझ्या हातात यायची. म्हणजे देण्याघेण्याचा हिशेब कधी मिटायचाच नाही. तो मिटू नये हाच त्या रीतीचा हेतू असावा, असे मला आता वाटते. दोन्ही घरच्या वाट्या आपापल्या फळीवर जाऊन बसल्या, की एकमेकींच्या दारात जायचे एक कारण संपले.

घरातली बहुतेक भांडी साठवणीची असतात. रांजणात पाणी, कोठीत ज्वारी, बरणीत लोणचे, गंजात दोन वेळचे वरण. वाटीत मात्र कोणी काही साठवत नाही. तिच्यात जे घालतो ते थोड्याच वेळात कोणीतरी खाणार असते किंवा उचलून नेणार असते. एका माणसाच्या एका वेळच्या गरजेएवढी तिची खोली. म्हणून तर ती माप झाली. चार शेरांची पायली आणि दोन मापट्यांचा शेर ही धान्याची मापे १९५८ नंतर दशमान पद्धत आली तशी बाजारातून उठली. स्वयंपाकघरातली वाटी मात्र जागची हलली नाही. एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी, असे सांगताना वाटी केवढी हे कोणी विचारत नाही. आपल्या घरची वाटी घ्या, प्रमाण तेच राहते. मोठ्या घरची वाटी मोठी असेल, मजुराच्या घरची लहान असेल, भात दोन्हीकडे सारखाच मोकळा होतो.

हे भांडे हाताला इतके जवळचे, की त्याचे नाव अंगाखांद्यावरही चढले. नारळ फोडला की खोबऱ्याच्या दोन वाट्या निघतात. मंगळसूत्रातल्या सोन्याच्या दोन वाट्यांपैकी एक माहेरची, एक सासरची, असे आया मुलींना सांगतात. कापूस वेचून, निंदण करून वाकलेल्या बायका दवाखान्यात सांगतात, "डॉक्टरसायेब, गुडघ्याची वाटी घासली जी." आणि त्याच आकाराच्या भांड्याला कटोरा म्हटले की अर्थाला लाचारी चिकटते. कटोरा घेऊन दारोदार फिरणे ही शिवी आहे, वाटी घेऊन शेजारी जाणे हा घरोबा आहे. भांडे तेच, मागणेही तेच. फरक एवढाच, की शेजारणीला ठाऊक असते, उद्या ही वाटी आपल्याकडून तिच्याकडे जाणार आहे.

आमच्याकडच्या स्टीलच्या वाट्या उलट्या करून पाहाव्यात. बुडावर नाव असते. लग्नात, बारशाला, वास्तुपूजेला भांडी द्यायची आणि देणाऱ्याचे नाव घालून द्यायची, ही चाल अजून आहे. पूर्वी भांड्यांच्या दुकानातला कारागीर छिन्नी-हातोडीने एकेक टिंब ठोकून अक्षर काढायचा. मग विजेवरचे पेनासारखे यंत्र आले. ते भांड्यावर टेकले की दुकानभर कर्कश आवाज व्हायचा आणि अक्षरे भराभर उमटायची. तो आवाज म्हणजे लग्नसराईची चाहूल. माझ्या आईच्या मांडणीतल्या एका वाटीवर तिच्या आत्याचे नाव आहे, दुसरीवर चुलत जावेच्या आईचे. आईला कोणती वाटी कोणाची हे वाचावे लागत नसे, ती काठावरून ओळखायची. ती नावे मी मोठेपणी नीट वाचली तेव्हा एक गोष्ट डोळ्यांत भरली. ती बहुतेक बायकांची होती. 'सौ.' किंवा 'श्रीमती' लिहून पुढे पूर्ण नाव. या बायकांपैकी जवळजवळ कोणाचेच नाव सातबाऱ्यावर नव्हते. जन्मभर ज्या शेतात त्या राबल्या, त्या शेताच्या कागदावर नवरा, दीर, सासरा. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने नव्वदच्या सुमारास लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला आणि गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करून दिला, तेव्हा त्यात वऱ्हाडातलीही गावे होती. ते काम मोठे होते. पण त्याच्या आधीच्या पिढ्यांतल्या बायांनी आपले नाव जिथे लिहायला मिळाले तिथे लिहून ठेवले, आणि ती जागा वाटीचे बूड होती. मी त्या वाट्या मोडीत घातलेल्या नाहीत आणि घालणारही नाही.

स्टील आमच्या घरात तसे उशिरा आले. आजीच्या फळीवर पितळ होते, थोडे कासे होते, आणि ज्याला आम्ही 'जर्मन' म्हणतो ते अॅल्युमिनियम. पितळेच्या वाटीत आंबट वरण किंवा ताक राहिले की ते कळकायचे, हिरवट पडायचे. त्यासाठी कल्हई. कल्हईवाला निंबाखाली जमिनीत खड्डा करून भाता लावायचा. भांडे निखाऱ्यावर धरून लाल व्हायच्या बेताला आणायचा, आत नवसागराची पूड टाकायचा, पांढरा धूर उठायचा, आणि त्या धुरातच तो कथलाची कांडी भांड्याला टेकवून कापसाच्या बोळ्याने आतून एक फेरा मारायचा. पिवळे भांडे आतून एका क्षणात चांदीसारखे होई. कापूस आमच्याच घरचा असे, तो मागायला कल्हईवाल्याचा पोरगा यायचा. मग चिमट्यातले भांडे पाण्यात, आणि चर्र आवाज. हे पाहायला आम्ही शाळा बुडवायचो. काशाला कल्हई लागत नाही. त्यात तांब्याच्या शंभरातल्या साधारण अठ्ठ्याहत्तर भागांना कथलाचे बावीस भाग असतात आणि आंबट त्यात लवकर बिघडत नाही. म्हणून बाळाचे पहिले उष्टावण काशाच्या वाटीत. उन्हाळ्यात डोळे जळजळले की आजी हीच वाटी तूप लावून आमच्या तळपायांवर घासायची. पाय काळेभोर व्हायचे, आजी म्हणायची, "पाय, गर्मी निंघाली." तो काळा रंग धातू आणि तूप घासले जाण्याचा, हे पुढे शाळेत शिकवताना मीच मुलांना समजावून सांगितले. झोप मात्र छान लागायची, हेही सांगितले.

आणि एक वाटी अशी, जी वापरून झाल्यावर घासायची नसते. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्याकडे पितरांसाठी नवे मातीचे भांडे पाण्याने भरून मांडतात आणि पळसाच्या पत्रावळीवर जेवण वाढतात. पुरणपोळी, कुरड्या, वडे, आणि द्रोणात चिंचवणी. चिंच कोळून गूळ घातलेले हे पातळ पेय. द्रोण ताजा असला तर शिवणीतून एखादा थेंब झिरपतोच, म्हणून चिंचवणी पुढ्यात आली की आधी तीच प्यायची. चांदूरहून बडनेऱ्याकडे जाताना मालखेडच्या पुढे जे जंगल लागते, पोहऱ्यापर्यंत, त्यात पळस भरपूर. पळसाला पाने तीनच, हे म्हणीत सगळे वापरतात. द्रोण लावणारी बाई त्यातले मधले मोठे पान निवडते. एकावर एक आडवी-उभी पाने ठेवायची, कडा आत दुमडायच्या आणि निंबाच्या किंवा तसल्याच बारीक काडीने टाचायची. काडी जाड घेतली तर पान फाटते, बारीक घेतली तर मोडते. उन्हाळ्यात हाताला काम नसलेल्या बायांचे हे घरबसल्याचे उत्पन्न होते. मग थर्माकोलच्या वाट्या आल्या. २०१८ च्या मार्चमध्ये महाराष्ट्राने त्यांच्यावर बंदी घातली, तर त्यांची जागा चकचकीत मुलामा दिलेल्या कागदी द्रोणांनी घेतली. तेही मातीत मुरत नाहीत आणि जनावरांच्या पोटात जातात. बंदी आली तेव्हा पळसाचा द्रोण परत येईल असे मला वाटले होते. लग्नात दोन हजार माणसांचे जेवण आणि द्रोण लावणाऱ्या बाया उरल्या चार, तिथे तो कसा येणार?

चांदूरच्या ईशान्येला वर्धा नदीच्या काठी कौंडण्यपूर आहे. रुक्मिणीचे माहेर म्हणून त्याची ओळख, आणि आषाढीला तिथून रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते. १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत मोरेश्वर दीक्षितांनी तिथल्या टेकाडावर उत्खनन केले. जुन्या थरांत काळ्या-तांबड्या मातीच्या भांड्यांची खापरे निघाली. अशाच वाट्या आणि वाडगे विदर्भातल्या लोहयुगातल्या शिळावर्तुळांच्या दफनांत मिळतात, नागपूरजवळच्या माहुरझरीला, टाकळघाट-खापा इथे, नैकुंडला. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली ही माणसे मेलेल्या माणसाजवळ वाटी ठेवत. ही भांडी आतून आणि काठाला काळी, बाहेरून तांबडी असतात. भट्टीत भांडे उपडे ठेवून भाजले, की आतल्या बाजूला हवा पोहोचत नाही आणि ती काळी राहते, बाहेरची बाजू हवेत तांबडी भाजते, असे अभ्यासक सांगतात. असे एक खापर मी एकदा जवळून पाहिले. काठ पातळ, ओठाला टेकवता येईल असा, आतून गुळगुळीत घोटलेला. ज्या बाईने किंवा बुवाने ती वाटी घोटली त्याला माहीत होते, की हिच्यातून कोणीतरी पिणार आहे. आखाजीला आपण पितरांपुढे द्रोण मांडतो आणि ते लोक त्यांच्या माणसांपुढे वाटी मांडत, यांच्यात काही धागा आहे की नाही हे सिद्ध करता येत नाही. मनात मात्र तो जोडला जातो.

आमच्या गावाच्या नावातच रेल्वे आहे. जिल्ह्यात दोन चांदूर, एक बाजाराचे, एक रेल्वेचे. मुंबईहून निघालेली जी.आय.पी. कंपनीची लाइन १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. ती बडनेरा, चांदूर, धामणगाव, पुलगाव अशी कापसाच्या मुलखातून गेली. तिच्यासोबत स्टेशनवरचे घड्याळ आले. त्याआधी गावाला वेळ सांगणारी वस्तू, लग्नाच्या दिवशी तरी, वाटीच होती. तांब्याची, बुडाला बारीक भोक पाडलेली. पाण्याने भरलेल्या घंगाळात ती सोडून द्यायची. भोकातून पाणी आत चढत जाई आणि चोवीस मिनिटांनी वाटी भरून बुडे. ती एक घटका. दिवसरात्रीच्या मिळून अशा साठ. आयुष्य सरत आले की घटका भरत आली असे आपण म्हणतो, ते या वाटीवरून. भास्कराचार्यांच्या लीलावतीची आख्यायिका सगळ्यांना माहीत असते. मुलगी घटिकापात्रात डोकावली, अंगावरचा मोती आत पडला, भोक बुजले आणि मुहूर्त टळला. मला त्या गोष्टीपेक्षा घंगाळाशेजारी बसलेल्या माणसाचे जास्त वाटते. वाटी बुडली की त्याने ती काढायची, रिती करायची, मोजणीची खूण करायची आणि पुन्हा पाण्यावर सोडायची. तो पेंगला की गावाची वेळ चुकली. घड्याळाला असा माणूस लागत नाही. रेल्वेची वेळ मात्र गावाच्या सूर्याची नव्हती. आधी ती मद्रासची होती, आणि १९०६ पासून साऱ्या देशाची एक ठरली. लग्नघटिका पत्रिकेत तशीच छापली जाते, तिच्याशेजारी आता घड्याळाचे तास-मिनिट असतात.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतले ते सांगते. शेजारची वाटी रिकामी परत करत नाहीत हे खरे. पण ती वाटी सगळ्या घरी जात नव्हती.

आमच्या गल्लीतली वाटी पाटलांच्या वाड्यापर्यंत जायची, तेल्याच्या घरी, माळ्याच्या घरी जायची. नाल्याच्या पलीकडे बौद्धपुरा होता, तिथे ती जात नसे आणि तिथून येत नसे. कोणी तसे बोलून दाखवत नसे. निंदणाला, वेचणीला तिथल्याच बाया आमच्या वावरात यायच्या. त्यांना भाकरीवर भाजी वाढून मिळायची, वाटीत नाही. चहासाठी कान तुटलेला कप गोठ्याच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असे. प्यायला पाणी मागितले की वरून धार धरायची आणि खाली ओंजळ. माणसाची पहिली वाटी म्हणजे ओंजळ, ती कोणाला घडवून घ्यावी लागत नाही. आपल्या समाजाने काही माणसांना तेवढ्याच वाटीवर ठेवले, शेकडो वर्षे. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळीने पाणी घेतले. त्याच वर्षी आमच्या अमरावतीला अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह उभा राहिला, आणि पंजाबराव देशमुख त्याच्या पाठीशी होते. पुढे जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाल्यावर पंजाबरावांनी जिल्ह्यातल्या सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. विहीर खुली करता येते, ठराव करून. वाटीचा ठराव करता येत नाही. ती एका बाईच्या हातातून दुसरीच्या हातातच जावी लागते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते, आणि ही वाटी हलताना मी तिथे पाहिली. शाळेतली पोषण आहाराची योजना १९९५ मध्ये सुरू झाली तेव्हा हजेरी असलेल्या मुलाला महिन्याला तीन किलो तांदूळ मिळायचे. पिशवी भरायची आणि घरी न्यायची. प्रत्येकाचे तांदूळ आपापल्या चुलीवर शिजायचे. २००१ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्न द्या असा आदेश दिला, आणि पुढे आमच्या शाळेतही गंज चढला. खिचडी शिजली की ती एका गंजातली आणि पोरे एका ओळीत, असेच होणार होते. कायद्याच्या कागदावर भुकेचा विषय होता. ओळीचा विषय आपोआप आला. सुरुवातीला काही पालक येऊन उभे राहिले, स्वयंपाक कोण करते हे त्यांनी पाहिले, दोघांनी आपल्या मुलांना घरून डबा द्यायला सुरुवात केली. आठवड्यात डबे बंद झाले. खिचडीचा वास आल्यावर डब्यातली गार पोळी कोणते पोरगे खाईल?

ताटली-वाटी मुले घरून आणायची. जेवण झाले की हापशीवर धुवायची गर्दी व्हायची, आणि त्या गर्दीत वाट्या बदलायच्या. रोज कोणाची तरी वाटी कोणाच्या तरी घरी. बुडावरची नावे अशा वेळी कामी येत. दुसरीतली एक पोरगी एकदा रडत आली, घरून बोलणे खाऊन. तिच्या वाटीऐवजी भलतीच वाटी घरी गेली होती, आणि आजीने ती उलटी करून नाव वाचले होते. ते बौद्धपुऱ्यातल्या एका बाईचे नाव होते. आजीने ती वाटी घरात घेतली नाही, अंगणातल्या तुळशीच्या ओट्यावर ठेवली. पण दुसऱ्या दिवशी ती वाटी शाळेत आली तेव्हा तिच्यात तीळगुळाच्या चार वड्या होत्या. संक्रांत दोन दिवसांपूर्वीच झालेली. मी त्या मुलीला विचारले, "हे कोणी घातलं वं?" ती म्हणाली, "आजीनंच. खाली वाटी देतेत का बाई?" त्या म्हातारीच्या हातांना दोन रीती माहीत होत्या, आणि दोन्ही तिच्या आईकडून आलेल्या. एकीने वाटी उंबऱ्याबाहेर ठेवली, दुसरीने ती रिकामी जाऊ दिली नाही. दोन्हींत जास्त जुनी कोणती मला माहीत नाही. त्या दिवशी जिंकली ती दुसरी.

या प्रदेशात एक माणूस असा होऊन गेला, की त्याने हा वाटीचा सगळाच कायदा हातात घेऊन मोडला. डेबूजी झिंगराजी जानोरकर. २३ फेब्रुवारी १८७६ ला अंजनगाव सुर्जीजवळच्या शेंडगावी परिटाच्या घरात जन्मलेला, मूर्तिजापूरकडच्या दापुऱ्यात मामाच्या घरी वाढलेला, गुरे राखलेला, नांगर धरलेला. १ फेब्रुवारी १९०५ ला घर सोडले ते कायमचे. अंगावर चिंध्यांचे पांघरूण, एका कानात कवडी, हातात काठी आणि फुटक्या मडक्याचे खापर. त्या खापरात भाकरी-कालवण घ्यायचे, त्यातूनच पाणी प्यायचे, ऊन लागले की तेच डोक्यावर उपडे घालायचे. लोक त्याला चिंधेबुवा म्हणत, खापरेबुवा म्हणत, आणि शेवटी राहिले ते नाव गाडगेबाबा.

मी शाळेत त्यांची गोष्ट सांगायची तेव्हा मुले विचारायची, त्यांना चांगली वाटी कोणी दिली नाही का? या प्रश्नावर मी पुष्कळ विचार केला आहे. जुन्या सोवळ्याच्या नियमात धातूचे भांडे उष्टे झाले तर राखेने घासून शुद्ध होते. मातीचे होत नाही, ते टाकून द्यायचे. आणि फुटके मातीचे भांडे तर उकिरड्यावरचेच, त्याला बाटायचे काही उरलेलेच नसते. बाबांनी नेमके तेच उचलले. ज्या भांड्याला कोणाचा विटाळ होऊच शकत नाही, ते घेऊन ते कोणाच्याही दारात उभे राहू शकत होते, बामणाच्या आणि मांगाच्याही. हा माझा लावलेला अर्थ आहे. त्यांनी स्वतः ते कसे मानले असेल कोण जाणे, शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते. पण त्यांची कृती इतकी नेमकी आहे की हा अर्थ टाळता येत नाही.

आणि ते कटोरा घेऊन फिरत नव्हते. गावात शिरले की आधी खराटा. गल्ल्या झाडायच्या, नाल्या उपसायच्या, आणि काम झाल्यावर भाकरी मागायची. रात्री कीर्तन, त्यात पुन्हा तेच, देव दगडात शोधू नका, पोरांना शाळेत घाला, कर्ज काढून सण करू नका, दारू सोडा. त्यांच्यापुढे लोकांनी पैसा ओतला. त्यातून ऋणमोचनला पूर्णेचा घाट झाला, मूर्तिजापूरला गोरक्षण झाले, नाशिक, आळंदी, पंढरपूरला धर्मशाळा झाल्या, ठिकठिकाणी सदावर्ते चालली. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा अशा वारकऱ्यांसाठी होती ज्यांना इतर कुठे पथारी टाकायला जागा मिळत नसे. ती त्यांनी १९४९ मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. एवढ्या इमारती या माणसाच्या शब्दावर उभ्या राहिल्या, आणि तो स्वतः त्यांच्या बाहेर, झाडाखाली, त्याच खापरात भाकरी कुस्करत बसलेला. खापर उथळ असते. त्यात एका वेळचे, तेही जेमतेम, मावते. उद्यासाठी काही ठेवायचे म्हटले तरी ठेवता येत नाही. वाटी साठवणीसाठी नसते हे मी वर लिहिले, ते घरोघरच्या बायकांना माहीत असते आणि या बुवाला माहीत होते. फक्त त्याने ते भाकरीपासून धर्मशाळेपर्यंत सगळ्याला लावले.

बाबासाहेब ६ डिसेंबर १९५६ ला गेले. त्यानंतर दोन आठवड्यांनी, २० डिसेंबरला, अमरावतीला येताना वलगावजवळ पेढी नदीपाशी बाबांनी प्राण सोडला. अमरावतीत गाडगेनगरला त्यांची समाधी आहे. अमरावती विद्यापीठ १९८३ मध्ये स्थापन झाले आणि २००५ पासून ते संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ आहे. अकोला, बुलढाणा, वाशीम, यवतमाळची मुलेही तिथूनच पदवीधर होतात. आमच्या शाळेतल्या पोरी आता बी.ए., बी.एस्सी. होऊन पेढे घेऊन येतात, कोणी नाल्याच्या या बाजूची, कोणी त्या बाजूची. त्या पदवीचा कागद दाखवतात तेव्हा मी त्यांना वरची ओळ मोठ्याने वाचायला लावते आणि विचारते, हे गाडगे म्हणजे काय, सांगा पाहू. कोणी सांगते, कोणी हसून गप्प बसते. मग मी सांगते, आणि पेढ्यांच्या पुड्यातला एक पेढा त्यांच्याच हातावर ठेवते.